शहाजिऱ्याचा केक

काठी हातात आली की ते आधी तिचं टोक जमिनीवर आपटायचे आणि मान तिरपी करून आवाज ऐकायचे. आवाज भरीव आला तर म्हणायचे, "शी हॅज अ गेम इन हर यट." म्हणजे अजून एक सामना निघेल हिच्यातून. फुटका आला तर काठी व्हॅनमध्ये ठेवायचे आणि पुढच्या रविवारी टोकाला पत्र्याची पट्टी ठोकून परत आणायचे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या हर्लिंग क्लबातल्या सगळ्या काठ्यांचे ते डॉक्टर होते.

हर्लिंग हा आयरिश लोकांचा खेळ. हातात मोठ्या लाकडी उलथन्यासारखी काठी, तिने चेंडू हवेतल्या हवेत टोलवायचा आणि आजूबाजूला दहा जण तेच करत असताना आपलं डोकं सांभाळायचं. ओळखीच्या मराठी मुली भरतनाट्यमला जात होत्या. माझ्या सईने शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने हे धरलं. पहिला महिनाभर मी मैदानाच्या कडेला कपाळाला आठ्या घालून बसले.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याला कसलंही पद नसतं, पण ते आल्याशिवाय कुलूप उघडत नाही. आमचे हे काठ्यांचे डॉक्टर मूळचे आयर्लंडमधल्या गॉलवेकडचे. सत्तरी ओलांडलेली, बायको गेलेली, मूलबाळ नाही. बोटं संधिवाताने वाकलेली, तरी खिळा कधी वाकडा गेला नाही.

पहिल्याच दिवशी सईने त्यांना नावाने हाक मारली. मी तिला बाजूला घेतलं.

"मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. काका म्हणायचं."

"नोबडी डज दॅट हिअर, आई."

"आपण करतो."

पहिल्यांदा 'काका' ऐकलं तेव्हा ते चमकले, मग हसले. पुढच्या रविवारी त्यांनी व्हॅनमधून फॉइलमध्ये गुंडाळलेला केक काढला आणि तिच्या हातात ठेवला. "काका," ते म्हणाले. मला वाटलं, ते स्वतःविषयीच बोलताहेत. सई म्हणाली, "थँक यू, काका." त्यांचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं.

मग दर रविवारी केक. मनुका घातलेला, आणि पुलावात घालायचं शहाजिरं त्या केकमध्ये. सईला तो घशाखाली उतरत नसे. आयरिश लोकांची काही पद्धत असेल म्हणून मी घेत गेले. फ्रीजरमध्ये मटार आणि खोवलेल्या नारळाशेजारी फॉइलची पुडकी साठली. काही ऑफिसात नेऊन ठेवली. दोन सरळ कचऱ्यात टाकली. हेही लिहून टाकते, आता लपवून काय करायचं?

ऑगस्टमध्ये एकदा मुलांची कोच माझ्याशेजारी येऊन बसली. ती तरुण मुलगी, पण आयरिश भाषा शिकलेली. म्हणाली, "सई एवढा केक खाते कशी? तुझी मुलगी मागत राहते, ते बेक करत राहतात. त्या बोटांनी त्यांची आख्खी शनिवारची सकाळ जाते." मला काही कळेना, तेव्हा तिने समजावलं. आयरिशमध्ये केकला 'काका' म्हणतात.

सई झोपायला गेल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मला लाज वाटायला लागली. माझी मुलगी दर रविवारी एका म्हाताऱ्या माणसाकडे खायला मागत होती.

"मग सांग ना त्यांना, काका म्हणजे काय ते," नवरा म्हणाला.

एका वाक्याचं काम होतं. पण 'आम्ही तुम्हाला घरातलं मानतो' हे इंग्रजीत म्हणायला मला अवघड वाटलं. आणि खरं सांगायचं तर फ्रीजरमध्ये जागा नव्हती. मी सईला म्हटलं, "आता त्यांना सर म्हणत जा."

"तूच म्हणालीस ना, काका म्हण?"

"आता सर म्हण."

त्या रविवारी तिने "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून. हातात फॉइलचं पुडकं होतं. ते त्यांनी सावकाश व्हॅनच्या सीटवर परत ठेवलं. मी सगळं पाहत होते आणि कॉफी पीत होते.

सप्टेंबरात ते माझ्या खुर्चीपाशी आले. टोपी काढून म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं का? पोरीच्या बाबतीत?"

"नो, नो," मी घाईने म्हणाले. "मुली मोठ्या होतात, यू नो."

"दे डू," म्हणाले, आणि गेले.

लहान मुलीला खाऊ देणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसापासून तिच्या आईने तिला अचानक दूर केलं, तर तो काय समजेल? हे मला सुचलंच नाही, असं मी लिहू शकले असते. सुचलं होतं. तरी मी बोलले नाही. त्यानंतर ते सईची काठी कधी तिच्या हातात देत नसत. कुंपणाला टेकवून ठेवायचे आणि चार पावलं मागे सरकायचे. मी मनाशी ठरवलं, हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला की सांगू.

फेब्रुवारीत ते गेले. क्लबच्या ईमेलमधून कळलं.

एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी त्यांची व्हॅन कोचने चालवत आणली. मागून तिने एक कोरी काठी काढून सईला दिली. "ही त्यांनी डिसेंबरात तासली," ती मला म्हणाली. काठी सईला दोन इंच मोठी होती. पुढच्या वर्षी तिच्या उंचीला बसेल अशी. मुठीपाशी पेन्सिलने रोमन लिपीत चार अक्षरं लिहिली होती, सी-ए-सी-ए, पहिल्या 'ए'वर तिरकी रेघ, म्हणजे आयरिशमधला केक. त्यांच्याकडे केक मागणाऱ्या मुलीला त्यांनी हेच नाव दिलं होतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

सईने ते वाचलं. "आई, लुक. ही साइन्ड इट. काका."

मग तिने टोक जमिनीवर आपटलं आणि मान तिरपी करून ऐकलं. आवाज भरीव आला.

"काका म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही."