अकरा नावांचा तक्ता

आठवीनंतर माझी शाळा सुटली, तरी बेंगळुरूत आमच्या भागातील पालिका कचेरीसमोर बसून गेली बावीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. माझा अर्ज अपुरा म्हणून कधी परत आलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायका माझ्याकडे आल्या. दुखण्यावरच्या कडक गोळ्यांचे व्यसन घराघरांत शिरले होते. ते सोडवण्यासाठी डॉक्टर येऊन बसेल अशी एक खोली त्यांना हवी होती, आणि अशा कामाला पालिका अनुदान देत होती. पुढाकार होता चिकपेटेच्या बाजारात साड्यांना फॉल लावणाऱ्या एका अक्कांचा. त्यांचा भाऊ व्हाइटफील्डला कंपनीची गाडी चालवतो. पाठदुखीसाठी घेतलेली गोळी त्याला सुटत नव्हती.

किती जण आहेत, असे मी विचारले. बायकांनी बोटांवर मोजत नावे घेतली, अकरा झाली. त्यांना फक्त आकडा सांगायचा होता. मी मात्र अर्जाला स्वतंत्र तक्ता जोडला: नाव, वय, घर क्रमांक, व्यवसाय. पुराव्यावाचून अर्जाला वजन येत नाही, असे माझे ठाम मत होते. अर्ज देऊन, पोचेचा शिक्का घेऊन मी अक्कांना प्रत वाचून दाखवली.

तक्त्याशी येताच त्या उभ्या राहिल्या.

"अण्णा, नावं कशाला घातलीत?"

"अक्का, रीतसर अर्ज म्हटला की…"

"हरकतींसाठी अर्ज बाहेर फलकावर लावतात, हे तुम्हीच सांगितलंत ना? कंपनीतल्या कुणी वाचलं तर उद्या माझ्या भावाला गाडीला हात लावू देतील?"

सांगितले होते खरे. माझी माहिती किती पक्की, हे त्यांना कळावे म्हणून.

दुसरा दिवस अर्ज देण्याचा शेवटचा होता. कचेरीचे दार उघडण्यापूर्वीच आम्ही दोघे तिथे उभे होतो. फलक अजून कोरा होता. कारकून माझे ऐकून हसला.

"आत आलेल्या अर्जातला एकच कागद बाहेर जात नाही, अण्णा. लोकांना तुम्हीच शिकवता ना हे? अख्खा अर्ज मागे घ्या, कारण लिहून द्या, आणि दुपारच्या आत नवा आणा."

मी 'अपरिहार्य कारणास्तव' असे लिहिले. त्याने कागद परत सरकवला. "स्वल्प, जरा स्पष्ट लिहा."

मी लिहिले: 'नावे जोडण्यास अर्जदारांनी सांगितले नव्हते. लेखनिकाने ती स्वतःच्या मताने जोडली.' माझे अक्षर इतके वेडेवाकडे कधी आले नव्हते. खाली अक्कांनी सही केली. नव्या अर्जात मी केवळ अकरा हा आकडा घातला.

जुने कागद हाती आले, तेव्हा तक्त्याच्या कोपऱ्यात टाचणीच्या खुणा दोन ठिकाणी दिसल्या. मी एकदाच टाचले होते.

"याची झेरॉक्स काढली का?"

"काल मी रजेवर होतो. वर साहेबांकडे पाठवली असेल, नसेलही."

दाराबाहेर अक्कांनी विचारले, "झालं ना, अण्णा? आता भीती नाही ना?"

"सरी, अक्का, सगळं ठीक," मी म्हणालो. त्या खुणांविषयी बोललो नाही.

खोली मंजूर झाली. भाऊ तिथे नेमाने जातो. मी मात्र रोज टेबल मांडण्याआधी फलक वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि अक्का भेटल्या की पहिला प्रश्न तोच विचारतो: भाऊ आज कामावर गेला ना?