बंदराच्या रांगेत जळलेली गाडी

ती गाडी बिडीनं पेटली नव्हती.

वणीहून कापसाच्या गाठी घेऊन गेलेला एक ट्रक मुंबईच्या खाडीपलीकडच्या नव्या बंदराबाहेर, ट्रकांच्या रांगेत उभा असताना जळाला. ड्रायव्हरच्या बिडीमुळे जळाला, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. तो ड्रायव्हरही तसंच धरून चालतो. आग मात्र गाडी वणीतून निघाली तेव्हाच एका गाठीच्या पोटात होती, आणि ते मला माहीत होतं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही. दारूच्या बैठकीत तोंडातून निघून जाईल या भीतीनं दारूही सोडली. तब्येतीसाठी सोडली, असं लोक समजतात आणि माझं कौतुक करतात.

मी तेव्हा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुपरवायझर होतो. मारेगाव, वणीकडचा कापूस तिथं यायचा. रेचे, म्हणजे जिनिंगची यंत्रं, कापसातून सरकी वेगळी करत, उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली जायची, लोखंडी पट्ट्या आवळल्या जायच्या, वर शाईनं नंबर. त्या नंबरावरून बंदरात कळायचं की गाठ कुठून आली. कॉलेजात इतिहास शिकलो होतो, म्हणून एवढं ठाऊक होतं की तिकडची मुंबई बरीचशी इकडच्या कापसावर वाढली. अमेरिकेत आपसातली लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला. त्या भरात मुंबईवाल्यांनी समुद्रात भराव टाकून जमीन काढली. लढाई थांबली, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, माणसं रस्त्यावर आली. पण टाकलेला भराव कोणी परत समुद्रातून उपसला नाही. शहर तसंच पुढे सरकत राहिलं.

ही झाली पुस्तकातली मुंबई. दुसरी मुंबई मला त्या ड्रायव्हरनं सांगितली. तो माझ्याच वयाचा, वणीजवळच्या खेड्यातला. जयंतीच्या मिरवणुकीत गावची सजवलेली गाडी तोच चालवायचा, दुसऱ्याला स्टेअरिंगला हात लावू द्यायचा नाही. आमच्या गाठी तो बंदरावर पोचवून यायचा आणि आला की प्रेसच्या ओट्यावर बसून बिडी पेटवून सांगायचा.

"भाऊ, मागच्या खेपेले जिथं चहा पेलो ना, तिथं आता पूल आला. चहावालाच सापडत नाई."

"आणि ते मिठागर?"

"मिठागर कायचं! डब्बे ठेवले त्याच्यावर. डब्ब्यावर डब्बा, डब्ब्यावर डब्बा, आपल्या टेकडीयेवढे. त्याच्यातच आपल्या गाठी भरतेत अन् जहाजावर टाकतेत."

"समुद्र कसा वाटते रे?"

"समुद्र? इतके वर्सं जाऊन राह्यलो, पाणी नाई पाह्यलं. भिंत दिसते. भिंतीच्या पलीकडं भोंगा वाजते, त्याच्यावरून समजायचं का जहाज हाय."

आम्ही हसायचो. रुई वाहणाऱ्या बायाही हसायच्या. त्याच्या बोलण्यावरून माझ्या मनात बंदराचा एक नकाशा तयार झाला होता आणि प्रत्येक खेपेला तो जुना पडायचा.

त्या नकाशात एक गोष्ट मात्र मला वेळेवर दिसली नाही. जुन्या काळी गाठी रेल्वेनं मुंबईत जायच्या आणि तिथल्या गोदामांत, मोकळ्या आवारांत महिनोन् महिने पडून राहायच्या. एखादी गाठ आतून धुमसत असली तर तिथं कळायचं, पहारेकरी ती ओढून बाजूला काढायचे. नवं बंदर वाढलं ते वेगावर. डबा, म्हणजे कंटेनर, अमुक वेळेला फाटकातून आत गेला पाहिजे, नाही तर जहाज निघून जातं. गाठीला पडून राहायला जागा त्या बंदरात नव्हती. त्यामुळे ती काळजी आता एकट्या आमच्यावर, म्हणजे प्रेसवाल्यांवर आली होती. रेच्यात ठिणगी पडली तर त्या वेळच्या गाठी पंधरवडाभर वेगळ्या, मोकळ्यावर ठेवायच्या, हा नियम मला आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच हंगामात शिकवला होता. रुईच्या आत गेलेली ठिणगी विझत नाही. हवा कमी असल्यानं पेटतही नाही. आत आत खात राहते.

कापसाचा भाव पडलेली ती वर्षं होती. सरकारी खरेदीचं काही खरं नव्हतं, गाड्या येईनात, रस्त्यावरचे दोन जिन बंद पडून त्यांच्या पत्र्यांवर वेल चढले होते. आमच्या मालकानं, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, स्पष्ट सांगितलं होतं की हा माल जहाजावर चढला तर पुढचा हंगाम पाहू, नाही तर कुलूप. आवारात साठेक माणसं कामाला होती, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बाया. प्रत्येकीच्या घरी चूल याच कामावर पेटत होती. माझ्याही.

गाडी भरायची त्या दिवशी सकाळी कापसात कुठूनसा खिळा आला आणि रेच्यात घासला. ठिणगी उडाली, रुई भपकन पेटली. बाया ओरडल्या. एकीनं पायानंच तुडवली, तिच्या लुगड्याचा काठ जळाला. बादल्या ओतल्या, रुई बाहेर ओढली, विझलं. सगळं इतक्या लवकर झालं की मिस्त्री जेवायला घरी गेलेले, ते येईपर्यंत राखसुद्धा झाडून झाली होती. पण खिळा कधीपासून घासत होता कोणास ठाऊक; आग दिसण्याआधीच त्या रेच्याची काही रुई प्रेसमध्ये गेली होती, आणि त्या रुईच्या चार-पाच गाठी बांधून ओट्यावर ओळीत उभ्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का लोडिंग?" शेठ.

"होऊन राह्यलं, शेठ."

"गाडी दुपारी निघाली पाहिजे."

"निघते."

शेठनं आगीचं विचारलं नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. त्या चार-पाच गाठी बाजूला काढल्या असत्या तर गाडी पुरी भरली नसती, शेठ चिडले असते, जहाज चुकलं असतं, एवढंच. मी फोन ठेवला आणि त्या गाठींवरून हात फिरवला. थंड होत्या. "थंड होत्या" हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला ऐकवलं. पण आतली आग तळहाताला लागायला दिवस जावे लागतात, हेही मला त्याच मिस्त्रींनी शिकवलं होतं.

दुपारी ताडपत्री आवळताना ड्रायव्हर माझ्याजवळ आला.

"भाऊ, जळाल्यावानी वास कायचा येऊन राह्यला?"

मी म्हणालो, "तुह्याच बिडीचा असन बे. आता तरी सोड."

तो खोखो हसला. "आमच्या घरची बी असंच म्हन्ते!" कानामागची बिडी काढून त्यानं खिशात ठेवली आणि गाडी चालू केली.

एवढंच मी बोललो. चेष्टेत बोललो. खोटं बोलायचं असं ठरवून बोललो असतो, तर कदाचित तोंड तरी अडखळलं असतं.

तिसऱ्या दिवशी बंदराबाहेरच्या रांगेत, भर दुपारी, गाडीच्या मागून धूर यायला लागला. हे त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरनं नंतर वणीत येऊन सांगितलं. पुढं तेलाचा टँकर होता. बाकीचे ड्रायव्हर गाड्या सोडून पळाले. यानं मात्र गाडी रांगेतून बाहेर काढली, धुरात काही दिसत नसताना बाजूला उरलेल्या मिठागराच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली, आणि मग खाली उतरून ताडपत्रीचे दोर हातांनी ओढायला लागला. ताडपत्री निघाली, वारा आत शिरला आणि दबून बसलेली आग एकदम तोंडावर आली. त्याचे दोन्ही हात गेले. म्हणजे हात आहेत, पण बोटं आत वळून राहिली. स्टेअरिंग धरता येत नाही.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात त्याला आणल्यावर मी भेटायला गेलो. हातांवर पट्ट्यांचे गोळे. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसलेली. त्यानं मला पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"भाऊ, तुमी तं निंगतानीच म्हणलं होतं बिडीचं. मी हासलो. आयकलं नाई तुमचं."

त्या क्षणी मला तोंड उघडता आलं असतं. बायको माझ्याकडे पाहत होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, मी त्याला माफ करून राह्यलो.

काही दिवसांनी विम्याचा माणूस चौकशीला आला. चहा घेतला, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, गाडी भरली त्या दिवशी प्रेसवर कुठं आग, ठिणगी वगैरे? मी म्हणालो, नाही. त्यानं दुसरा प्रश्नच विचारला नाही. लुगड्याचा काठ जळालेली ती बाई दारातच रुईचा भारा घेऊन उभी होती. माणूस गेल्यावर ती म्हणाली, "सायेब, आमाले कोनी इचारलंच नाई." मग भारा डोक्यावर चढवताना म्हणाली, "इचारलं असतं तं आमी बी नाईच म्हणलं असतं. पोटाचं पाहा लागते ना. पन तुमाले इचारलं होतं." त्यानंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

ज्यासाठी मी हे केलं असं मी स्वतःला सांगत होतो, ते तरी टिकलं का? पुढच्या हंगामात जिनला कुलूप लागलं. बाया विखुरल्या. मिस्त्री वारले. मी एका कृषी केंद्रात बियाणं, खतं विकायला लागलो आणि अजून तेच करतो. बंदर तर वाढतच आहे म्हणतात. आता मिठागरं उरलीच नाहीत तिथं.

ड्रायव्हरच्या बायकोनं चंद्रपूर रस्त्याला, कोळशाचे ट्रक थांबतात तिथं चहाची टपरी टाकली. तो टपरीपुढं खुर्चीवर बसलेला असतो. कोणी ड्रायव्हरनं बिडी काढली की तो दोन्ही हात वर करतो.

"पाहा रे पोट्टेहो. पाहून घ्या आन् मंग पेटवा."

जुने ड्रायव्हर चेष्टा करतात, "आला पाहा बिडीवाला बाप्पा." नवे घाबरतात. तो सगळं सांगतो: मुंबईचे पूल, डब्यांचे डोंगर, समोरचा टँकर, आणि शेवटी आपली बिडी. चहा गाळता गाळता बायको आतून म्हणते, "सांगा, आजून एकडाव सांगा. घराची राख कशी केली ते बी सांगा." ती हे रोज म्हणते. चिडून नाही, सवयीनं म्हणते, आणि तेच मला ऐकवत नाही. जयंतीला मिरवणुकीत पुढं चालणाऱ्यांत तो आता नसतो, मागं राहतो. कोणी त्याला बाजूला काढलेलं नाही. तोच पुढं येत नाही.

मी त्या टपरीवर जातो. न जाऊन चालणार नाही असं वाटतं आणि गेल्यावर तिथून कधी उठतो असं होतं. पाच-सहा ड्रायव्हरांनी त्याच्या सांगण्यावरून बिडी सोडली, याचा त्याला अभिमान आहे. खरं सांगितलं तर त्याचा तेवढाही आधार जाईल, असं कारण मी बरेच दिवस वापरलं. चांगलं कारण होतं ते, कोणालाही पटलं असतं. पण त्याच्या आधाराची काळजी मला फक्त सांगायची वेळ आली की वाटायची.

मागच्या हिवाळ्यापासून त्याला दम लागतो. बोलताना मधेच थांबतो. ते पाहिल्यावर ठरवून गेलो. दुपार होती, टपरीवर कोणी नव्हतं, बायको पाण्याला गेलेली. मी समोर बसलो आणि म्हणालो, "गड्या, त्या दिवशी गाडी भरली ना..."

त्यानं हात वर केला. "भाऊ, त्याचंच इचारतो. कोनापाशी बोललो नाई. हासान तुमी."

"नाही हसत. बोल."

"मले कदी कदी वाट्टे, मी बिडी पेटवलीच नोती." तो थांबला, दम घेतला. "समोर टँकर होता. टँकरच्या मागं मी जिंदगीत बिडी पेटवली नाई, भाऊ. लय आठवून पाह्यलं. हातात काडी होती का, नोती का... आठवतच नाई. पन मंग आग आली कुठून? तुमी शिकलेले हा, गाठींतले जानकार हा. तुमीच सांगा."

त्यानं ती वळलेली बोटं मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या आयुष्यात इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मला फक्त उत्तर द्यायचं होतं.

मी म्हणालो, "आता काय त्याचं, गड्या."

त्यानं मान हलवली. "व्हय. आता काय त्याचं." मग बायको पाण्याचा हंडा घेऊन आली, आणि आम्ही हवापाण्याचं बोलायला लागलो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे. ते मला त्याला द्यायचं आहे, त्याच्या बायकोच्या देखत, तो जिवंत असताना. मी अजून दिलेलं नाही.