थोरलीची गेलेली चव

थोरलीच्या जिभेची चव गेली ती हिवाळ्यातल्या तापात. ताप उतरला, अंगात ताकद आली, चव मात्र परतली नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही कदाचित. त्यांचं काय जातंय? चुलीशी उभं राहणाऱ्या बाईने असल्या 'कदाचित'वर सूप कसं करायचं?

चूल ग्रीक रेस्टॉरंटची होती. राहत्या वस्तीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. वर लोकांची घरं, खाली पांढऱ्याशुभ्र भिंती आणि भल्यामोठ्या बशीत मधोमध घासभर पदार्थ. हा नवा थाट तरुण मालकिणीचा. तिच्या आजोबांच्या वेळी ताटं भरून जायची. त्या आजोबांनीच भांडी घासणाऱ्या थोरलीला चुलीशी आणून शिकवलं होतं. नवरा गेल्यावर ती ताठ मानेने जगली ती याच चुलीच्या जिवावर. चव गेल्याचं कळलं तर परत मोरीपाशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुपित माहीत होतं फक्त धाकट्या जावेला. ती तिथेच भाज्या चिरायची. घरी दोघींमधून विस्तव जात नसे, पण इथे धाकटी गुपचूप चाखायची आणि सुरीची मूठ फळीवर वाजवायची. एकदा वाजली की ठीक, दोनदा वाजली की मीठ कमी. मालकिणीला कधी संशयही आला नाही.

शनिवारी मात्र घात झाला. टोमॅटोत भाजलेला पांढरा घेवडा खारट झाला. धाकटी कोथिंबीर धुवायला गेली असताना थोरलीनेच अंदाजाने मीठ घातलं होतं. मालकीण विचारायला आली तेव्हा थोरलीची पाचावर धारण बसली आणि तोंडून निघून गेलं, "हिला किती वेळा सांगितलं, मिठाला हात लावू नकोस म्हणून."

धाकटीने मान खाली घालून ऐकून घेतलं. थोरलीला मनातून लाज वाटत होती, पण माफी मागायची तिला सवयच नव्हती.

रविवारी दुपारी सगळी टेबलं भरलेली. कोंबडीच्या पाण्यात तांदूळ शिजून तयार होता. थोरलीने अंडी आणि लिंबाचा रस फेटला आणि त्यात गरम पाणी पळीपळीने घातलं. घाई केली तर अंड्याच्या गुठळ्या होतात. पण हे तिच्या हाताला पाठ होतं.

मालकीण दारात येऊन उभी राहिली. "काकू, सूप झालं का? लोक थांबलेत."

धाकटीने पाठमोरं होऊन चमचा तोंडात घातला. मूठ एकदाच वाजली.

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कालचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ कुठली? आपण हिच्या जागी असतो तर काढलंच असतं. तिने वळून पाहिलं. धाकटी काकडी चिरत होती, चेहरा कोरा.

"काकू," मालकीण पुन्हा म्हणाली.

थोरलीने डब्यात हात घातला, अर्धी मूठ मीठ टाकलं, ढवळलं. सूप बाहेर गेलं आणि लगेच परत आलं. एक वाडगा, मग दुसरा, मग अख्ख्या टेबलाचे. मालकिणीने चाखलं आणि थुंकून टाकलं. तिची नजर सरळ धाकटीकडे गेली.

धाकटीने सुरी खाली ठेवली.

आणखी एकदा खोटं बोलणं सोपं होतं. पण थोरलीची जीभ रेटेना. "मी घातलं," ती म्हणाली. "मला चव लागत नाही. हिवाळ्यापासून."

"मग इतके दिवस?"

"ही चाखायची."

मालकिणीने वाडगा बाजूला सारला. "आजपासून चुलीशी ही उभी राहील, काकू. तुम्ही तिच्या हाताखाली." ती चिडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

थोरली मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. पाठोपाठ धाकटी आली.

"ताई, मी बरोबर सांगितलं होतं."

"कळलं मला."

"मग मीठ का घातलंत? मी मुद्दाम खोटं सांगेन, असं वाटलं तुम्हाला?"

हात निसटला, असं म्हणता आलं असतं. "हो," थोरली म्हणाली. "वाटलं."

काल सगळ्यांसमोर बोलणी खाताना धाकटी रडली नव्हती. आता तिचे डोळे भरले.

"कालचं मी सोसलं, ताई," ती म्हणाली. "हे नाही सोसवत."

आणि ती आत चुलीकडे गेली.