आरोंद्यात मोडलेला बोल्ट

कोल्हापूरहून सकाळी निघालो तेव्हा गाडी अण्णाच चालवत होते. मी चालवते म्हटलं, तर म्हणाले, "ही तुझ्या हाताची नाही." अण्णा, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गाडी तिशीला आलेली आणि पुढच्या महिन्यात मोडीत जायची. त्याआधी तिला एकदा आरोंद्याला नेऊन आणू, ही त्यांचीच इच्छा. ते गुरांचे सरकारी डॉक्टर होते. माझी पहिली ते पाचवी आरोंद्यातच झाली, आणि याच गाडीतून ते गावोगाव विताना अडलेल्या गाई सोडवायला जात.

करूळचा घाट उतरून वैभववाडीला घावणे खाल्ले. पुढे रस्ताभर काजूला मोहर होता. अण्णा एकेका फाट्याचं नाव घेत होते आणि तिथल्या कुणाची म्हैस कशाने आजारी पडली होती ते सांगत होते. माणसांची नावं विसरत होते, म्हशी नाही.

आरोंद्यात गुरांच्या दवाखान्याची नवी इमारत उभी होती. बाहेर बसलेल्या दोघांना अण्णांनी स्वतःचं नाव सांगितलं. ते हसले, खुर्ची दिली, पाणी दिलं, पण ओळखलं कुणीच नाही. "बरीच वर्षं झाली," असं म्हणून अण्णा उठले.

तिथून खाडीकडे निघालो आणि पाच मिनिटांत इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला. माडांच्या सावलीत गाडी थांबवून इंजिन गार होऊ दिलं. मग पाहिलं, तर पाण्याचा पाइप इंजिनात शिरतो तिथल्या झाकणाखालून पाणी झिरपत होतं. झाकणाला दोन बोल्ट. अण्णांनी डिकीतून पाना काढला. "जरा आवळतो." पाव वेढा फिरला असेल, कट् असा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं पान्यात आलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला.

अण्णा ते डोकं तळहातावर घेऊन उभे राहिले. "कळलंच नाही गं. आधी हाताला कळायचं, आता बास म्हणून."

मी सावंतवाडीच्या एका गॅरेजला फोन लावला. फोटो बघून तिथला माणूस म्हणाला, "इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल. या गाडीवर कशाला खर्च करताय? तिथूनच मोडीत काढा." फोन स्पीकरवर होता. अण्णांनी ऐकलं आणि खाडीकडे तोंड करून बसले.

धक्क्याजवळच्या शेडमधून एक गृहस्थ हात पुसत आले. इनास त्यांचं नाव. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा.

"काय झाला, बाय?"

मी सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं. "आमचे बोल्ट रोज मोडतत. खारा पाणी काय ठेवता? बघूया."

त्यांनी आधी बॅटरीच्या वायरी सोडल्या, मग दुसरा बोल्ट काढून झाकण उचललं. मोडका तुकडा नखभर वर आलेला दिसला. "इतको गावलो, पुरे," (एवढा सापडला, बास) म्हणत त्यांनी त्यावर एक नट बसवला आणि वेल्डिंग मारलं. थोडं थांबून पाना लावला. नट तुटून हातात आला. अण्णांनी मान फिरवली.

इनास मात्र गडबडले नाहीत. घराकडे बघून हाक मारली, "रोजी, मेणबत्ती हाड (आण) गो!"

त्यांच्या पत्नी दारात आल्या. "अल्तारावयली (देवघरातली) एकच आसा!"

"तीच हाड. देव रागावचो नाय."

दुसरा नट चिकटवला. तो तापलेला असतानाच इनासनी बोल्टच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून तेलासारखं फटीत शोषलं गेलं. मग त्यांनी पाना अण्णांपुढे धरला.

"तुमीच मोडलात ना? मगे तुमीच काढा."

"माझा हात थरथरतो हो."

"थरथरांदेत. हय जोर नको आसा. वायच फुडे, वायच मागे. (जरा पुढे, जरा मागे.) अडलो तर थांबायचा."

अण्णा वाकले. पाना हलेना. मग केसभर हलला, अडला. अण्णा थांबले, मागे घेतला, पुन्हा पुढे. आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, "हळू बाये, हळू. घाई नाही." गोठ्यात अडलेल्या गाईशी ते असंच बोलायचे. मी सात-आठ वर्षांची, त्यांची बॅग सांभाळत दाराशी उभी असायचे. हा आवाज मी इतकी वर्षं ऐकला नव्हता, आणि तो हरवलाय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बोल्ट कुरकुरला. मग एक वेढा, दुसरा वेढा, आणि अखेर सबंध तुकडा नटासकट बाहेर आला. अण्णांनी तो इनासना दाखवला, शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तसा. "भोकातले आटे शाबूत आहेत का बघा."

"आसत, आसत. बरो हात आसा तुमचो."

इनासनी आटे साफ केले, जाड कागदाचं गॅस्केट कापून झाकणाखाली बसवलं, नवा बोल्ट लावला. तोवर रोजीबाईंनी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा दिला. अण्णा दोनदा पेज मागून जेवले. त्या घरातही त्यांना पूर्वीचं कुणी ओळखत नव्हतं. त्याचं काही वाटत नव्हतं त्यांना आता.

रात्र सावंतवाडीला काढून सकाळी परत निघालो. वैभववाडी मागे पडली, घाटाच्या तोंडाशी अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून माझ्या बाजूला आले.

"हाताला अजून कळतं. पण डोळ्यांना समोरची गाडी उशिरा कळते. घाट तू चढव."

आयुष्यात पहिल्यांदा मी ती गाडी चालवली. गिअर कडक होता, सीट पुढे सरकत नव्हती. प्रत्येक वळणाआधी अण्णा म्हणायचे, "हॉर्न दे." एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मी आधीच हॉर्न दिलेला असला, तरी पुन्हा देत होते.