तानाबाईची रेघ, मलिकाचा हात

मलिकाचा हात तोंडाआधी चालायचा. उद्यमनगरातल्या फौंड्रीत ती कामाला लागली, त्याच आठवड्यात पिराजी फोरमननं जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलिकानं हातातली वाळूची पाटी तशीच त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचा घोळणा फुटला, सदरा लालभडक झाला. मालक गणपतराव धावत आले, तर पिराजीच म्हणाला, "पाटी निसटली तिच्या हातनं."

"निसटली न्हाय," मलिका म्हणाली. "मारली."

आणि खाली बसून परत वाळू मळायला लागली. मी तिच्या शेजारीच बसायचे. तेव्हाच कळलं, ही बाई मारते पण नाकारत नाही.

तिचा नवरा चमन टांगा हाकायचा. एकदाच त्यानं पिऊन येऊन तिच्यावर चाबूक उगारला. त्याच चाबकानं तिनं त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत नेला. त्यानंतरही चमन प्यायचा, पण घरी येऊन गप जेवून झोपायचा.

आम्हा बायकांचं काम गाभ्याचं. इंजिनाचा भाग आतून पोकळ ठेवायचा, तर साच्यात मधोमध वाळूचा गाभा बसवतात आणि भोवतीनं लोखंडाचा रस ओततात. वाळूत साखर कारखान्यातली चिकट मळी कालवून आम्ही गाभे थापायचो. मग ते भट्टीत भाजून खडखडीत वाळवायचे. ओल राहिली तर रस खवळतो.

एकाहत्तर-बहात्तरचं साल असेल. माल तडकतोय म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायला लागलं, तेव्हा गणपतरावांनी हुकूम काढला, ज्यानं काम केलं त्याची खूण त्यावर पाहिजे. साचेवाले शिकलेले, त्यांनी आपापली अक्षरं घेतली. आम्ही खिळ्यानं गाभ्यावर ओरखडा काढायचो, तो ओतलेल्या लोखंडाच्या आत उठायचा. मी फुली घेतली. मलिकानं तीन टिंबं घेतली. तानाबाई म्हणाली, मला आपली एक उभी रेघ बरी. पिराजीनं सगळ्या खुणा चुन्यानं भिंतीवर काढल्या आणि दम भरला, "एकीची खूण दुसरीनं टाकायची न्हाय. आन् आठ दिवस जिची खूण दिसली न्हाय, तिची भिंतीवरनं पुसली."

पुसली म्हणजे काम गेलं. दाराबाहेर रोज पाच-दहा बाया उभ्याच असायच्या.

तानाबाई आमच्याच गल्लीतली. नवरा तिला पोटुशी ठेवून चंदगडकडं काजूच्या कामाला गेला, तो तिकडचाच झाला. ती बाळंत झाली आणि घरात बसली. तिसऱ्या दिवसापासून मलिकाच्या फळीवर अर्ध्या गाभ्यांवर टिंबं आणि अर्ध्यांवर उभी रेघ दिसायला लागली. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पिराजीलाही दिसत असणार, पण त्याला आपल्या नाकाची काळजी होती.

दोघींचं काम एकटीनं करायचं म्हणजे हात किती पुरणार? एका संध्याकाळी तिची शेवटची फळी उशिरा भट्टीत गेली आणि सकाळी ओत घ्यायची घाई म्हणून लवकर बाहेर निघाली. वरून कडक, आत ओल.

रस ओतायला जोतीराम होता. पोरगा कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं भांडं वाकवलं, आणि साचा खदखदला. धाड करून आवाज झाला, लाल रस कारंज्यासारखा उसळला तो त्याच्या तोंडावर. जोतीराम ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन परत खाली घेतले, कारण हातही जळत होते. मांस जळाल्याचा वास मला अजून येतो. उजवा डोळा तिथंच गेला.

त्याचा थोरला भाऊ सयाजी मोठ्या भट्टीवर होता, तालमीतला गडी. जोतीरामला दवाखान्यात नेलं, आणि सयाजी तिथंच साच्याजवळ उभा राहिला. लोखंड निवल्यावर त्यानं घण उचलला. चार घावांत तुकडे झाले. आतल्या बाजूला उभी रेघ होती.

"तानाबाई," सयाजी म्हणाला. घण टाकला, लोखंडी गज उचलला आणि चालायला लागला.

"आरं, ती बाळंतीण हाय!" मी ओरडले. त्याला कुठलं ऐकू येतंय. मागं बघते तर मलिकाची जागा रिकामी. ती मागच्या दारानं केव्हाच पळाली होती.

मी पोचले तेव्हा मलिका तानाबाईच्या दारात उभी. हातात चमनच्या टांग्याच्या जुन्या चाकाचा आरा. आत तानाबाई पोराला छातीशी धरून भिंतीला चिकटलेली.

"सरक भाभी," सयाजी म्हणाला. "तुझं काय काम न्हाय हितं."

"गाभा मी केलाय."

"आत रेघ हाय. भिंतीवर रेघ कुणाची हाय?"

"रेघ तिची, हात माझा. तुला काय करायचं ते मला कर."

"मैत्रिणीला वाचवतीस व्हय? सरक म्हणतोय न्हवं!"

त्यानं तिला बाजूला ढकललं आणि उंबऱ्यात पाय घातला. तेव्हा मलिकानं आरा उचलला आणि त्याच्या खांद्यावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्यावर ऐकला. सयाजी तानाबाईला विसरला. गज डाव्या हातात घेऊन तो मलिकावर तुटून पडला. पहिला घाव तिच्या मनगटावर, दुसरा जबड्यावर. दात मातीत पडले. ती पडली, उठली, परत आरा फिरवला. तो तिला लाथा घालत होता आणि तिनं त्याचा पाय धरून दातानं, राहिले होते तेवढ्या दातांनी, पोटरी फोडली. गल्लीतली माणसं आली तोवर दारातली माती रक्तानं चिकट झाली होती. पण उंबऱ्याच्या आत एक थेंब नव्हता.

केस दोघांवर झाली. सयाजी दंडावर सुटला. मलिकाला कोर्टात साहेबांनी विचारलं, पहिला फटका कुणाचा? वकील डोळ्यांनी खुणावत होता, पण ही कुठली ऐकतेय! "माझा," म्हणाली. कळंब्याच्या तुरुंगात गेली.

इकडं पिराजीनं भिंतीवरची रेघ पुसायला फडकं घेतलं. तोंडाला पट्ट्या बांधलेला जोतीराम त्याच दिवशी हिशेबाला आला होता. गणपतरावांना म्हणाला, "रेघ ऱ्हाऊ दे, मालक. तानाबाई घरातच हुती. गाभा भाभीचाच हुता."

"कशावरनं?"

"खोटं बोलायला कोण दात पाडून घेतंय?"

रेघ राहिली. टिंबं तेवढी पुसली.

मलिका सुटली त्या दिवशी मी आणि चमन टांगा घेऊन गेलो होतो. मनगट वाकडंच जुळलेलं, गाल आत गेलेले. चमन म्हणाला, "घरी चल." ती म्हणाली, "आधी जोतीरामच्या."

दारात त्याची आई होती, आक्का. तिनं मलिकाला बघितलं, आणि कोपऱ्यातली झाडणी उचलली. डोक्यावर, तोंडावर, वाकड्या मनगटावर, जिथं लागेल तिथं. "माझ्या पोराचा डोळा दे! दे माझ्या पोराचा डोळा!" चमन उतरायला लागला, तर मलिकानं मागं न बघता हातानंच त्याला थांबवलं. जिला आजवर कुणी बोट लावून सुखी राहिला नव्हता, ती हात खाली सोडून उभी होती. ओठ फुटला तरी पुसला नाही.

म्हातारीचा दम संपला. ती उंबऱ्यावर बसून धापा टाकायला लागली. मलिका आत गेली, तांब्या भरून आणला, तिच्या हातात दिला. आक्का घटाघटा पाणी प्याली.

"झालं का?" मलिकानं विचारलं.

"न्हाय," आक्का म्हणाली. "उद्या ये."

आणि गेली की दुसऱ्या दिवशी.