सुधाताईंनी लावलेलं कुंकू

सुधाताई गेल्याचा त्यांच्या यजमानांचा, वसंतरावांचा फोन शहराच्या रिग्गई भागातून आला, तेव्हा मी आधी घाबरून विचारलं, "घरीच ना?" कुवेतमध्ये राहून अशी सवय लागते. माणूस आपल्याच घरी वारला, त्याला कुणी उचलून नेलं नाही, एवढ्यानंही जिवाला बरं वाटतं...

ताई इस्पितळात सिस्टर, तोंडाने फटकळ. त्यांच्या वॉर्डात सफाईला लेते नावाची इरिट्रियाची बाई होती. तिचा देश तेव्हा इथिओपियापासून सुटायला झगडत होता; नवरा त्या लढाईत मारला गेलेला. लढणाऱ्यांसाठी ती वर्गणी गोळा करते अशी चुगली झाली आणि ज्याच्या नावावर तिचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना होता, तो कफील तिला इथिओपियाच्या वकिलातीच्या हवाली करायला निघाला. तिकडे तुरुंगच होता, नाहीतर त्याहून वाईट. लेते पळाली ती थेट ताईंच्या घरी.

"सुधा, आपलाही अकामा जाईल," वसंतराव म्हणाले.

"जाऊ दे. तुम्हाला नाहीतरी गावी आंबे राखायचेत." ताई हसल्या खऱ्या, पण उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासून आल्या.

त्या शुक्रवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ताईंनी ते मोडलं नाही. वसंतरावांना बाहेर पिटाळलं, लेतेला साडी नेसवून आमच्यात बसवलं. तिच्या कपाळावर गोंदलेला क्रूस होता. कुणीही ओळखलं असतं. ताई कुंकू लावायला वाकल्या तशी ती मागे सरली. "सिस्टर, मेरा आदमी नहीं है."

"अहो, विधवेला कसं..." शेजारच्या कुलकर्णीबाई पुटपुटल्या आणि तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर लेतेला शोधत आलेला कफीलचा भाऊ.

ताईंनी क्रूस झाकेल एवढं ठसठशीत कुंकू लेतेला लावलं आणि करंडा हातात घेऊनच दार उघडलं. "हरीम! आत सगळ्या बायका आहेत."

त्याची नजर आमच्यावरून फिरली. एका शब्दाने सगळं संपलं असतं. कुलकर्णीबाईंनी लेतेच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "घे गं, गोड बोल." त्याने मान खाली घातली आणि तो जिना उतरला.

पुढे तिच्या माणसांनी तिला सुदानच्या वाटेला लावलं असं कानावर आलं. तिथे ती पोचली की नाही, कुणास ठाऊक. इथिओपियातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी टीव्हीवर तिकडच्या निर्वासितांच्या छावण्या दाखवायचे, तेव्हा ताई उठून पडद्याला नाक लावून उभ्या राहायच्या. आम्ही चिडवायचो, "ताई, आम्हालाही दिसू द्या की!" त्या हटायच्या नाहीत.

परवा बातम्यांत पुन्हा तशीच छावणी दाखवली. घरात करपल्याचा वास सुटला, मुलं मागून ओरडत होती, "आई, मूव्ह ना!" आणि मी टीव्हीसमोर उभी राहून एकेक कपाळ बघत होते.