माझ्या जागी सुपडूला घ्या

कंपनीत लागल्यावर हिलालचा आवाज खाली आला. त्याआधी अकरा वर्षं तो यंत्रमागांवर होता, आणि मागावरचा माणूस घरीसुद्धा ओरडूनच बोलतो, कारण कान तसेही कामातून गेलेले असतात. मग शहराबाहेर सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कपडे धुण्याची पावडर करणारी परदेशी कंपनी आली आणि तिच्या पॅकिंगमध्ये हिलाल चिकटला. तिथे म्हणे साहेबसुद्धा हळू बोलायचे. सहा महिन्यांत आमचा हिलाल असा काही पुटपुटायला लागला की त्याची बायको लीला वैतागून म्हणायची, "जरा जोरमा बोला ना!"

कंपनीचं नाव आमच्या मराठी वस्तीत कुणाला धड घेता येत नसे. सगळे नुसतं 'विदेशी' म्हणत. विदेशीतून वर्षाला दोन निळे शर्ट मिळायचे, आणि हिलाल ते लग्नालाही घालून जायचा. मी म्हणायचो, "अरे, वरबापाला वाटेल पावडर खपवायला आलाय." तो हसायचा आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तोच शर्ट.

मी त्याच गल्लीच्या तोंडाशी राहतो, मराठी शाळेत मास्तर आहे. वस्तीतल्या प्रत्येकाचा अर्ज मीच लिहितो. रेशनकार्ड, दाखला, नळ, भांडण, सगळं. कुणी विचारलं नाही की मला लिहायचंय का. दार उघडं दिसलं की लोक कागद घेऊन आत येतात.

शहाण्णव साली कंपनीने भिंतीवर एक पेटी लावली. काम सोपं कसं करता येईल ते सुचवा आणि बक्षीस न्या. पॅकिंगमधून सहा माणसं पोती खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेत. हिलालने सुचवलं की लोखंडी रुळांचा उतार करावा आणि पोती त्यावरून सोडावीत. माणसांचे खांदे वाचावेत एवढंच त्याच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्याचं इंग्रजी मीच करून दिलं. त्याला थर्मास मिळाला, मोठ्या साहेबाने हात मिळवला. पेढे मीही खाल्ले.

सहा जणांचं काम दोघांत व्हायला लागलं. विक्री बरी होती तोवर उरलेल्या चौघांना झाडलोट, गोदाम असं कुठेतरी लावून ठेवलं. सत्त्याण्णव सरता सरता मंदी आली आणि कंपनीने पहिल्या झटक्यात चाळीस माणसं काढली. त्यात ते चौघे होते. चौघांत सुपडू होता, लीलाचा धाकटा भाऊ. त्याला गावाहून आणून, साहेबाचे पाय धरून हिलालनेच तिथे लावलं होतं. बायको आणि दोन पोरं घेऊन तो हिलालच्या मागच्या खोलीत राहायचा.

सुपडूने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तो सकाळी नाक्यावर मजुरीला उभा राहायचा, बारा वाजता रिकाम्या हाताने परत यायचा. हिलाल मला म्हणाला, "गुरुजी, जेवताना तो मनाकडे देखत नही. ताटकडे देखस." मी म्हटलं, बघेल तुझ्याकडे, होईल सगळं नीट. असं म्हणायला काही लागत नाही.

त्यात निवडणूक आली. आमच्या मैदानात सभा झाली. उमेदवाराचं नाव मी सांगत नाही. खुर्च्या आल्या, कर्णे आले, आमची मतं बरीच आहेत हे कळल्यामुळे 'जय महाराष्ट्र'ही झालं. मग उमेदवार गुजरातीत म्हणाले, "घर दीठ एक नोकरी! कंपनीवाळा साथे मारी वात थई गई छे." घरटी एक नोकरी, कंपनीशी बोलणं झालंय. अख्ख्या वस्तीने टाळ्या वाजवल्या. मी गच्चीवरून ऐकत होतो. गेल्या खेपेलाही जवळपास हेच ऐकलं होतं, फक्त कर्णे लहान होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिलाल कागद घेऊन आला. कंपनीने योजना काढली होती, ज्याला स्वतःहून सोडायचंय त्याने सोडावं. उद्या शेवटची तारीख.

"लिखा, गुरुजी. मी सोडस. मनी जागावर सुपडूले लई ल्या."

तो काय धरून बसलाय ते मला लगेच कळलं. मागांवर अशीच रीत आहे. गावाला निघालेला माणूस आपल्या मागावर भाऊ, भाचा, साडू कुणीतरी उभा करतो, शेठला नुसतं सांगतो, आणि शेठ मान हलवतो. जागा माणसाची असते आणि ती घरात राहते. आणि आता तर खुद्द उमेदवाराने भर सभेत सांगितलं होतं, घरटी एक. घरात एकच राहणार असेल तर तो सुपडू असावा, असा हिलालचा हिशेब. पोरवाला आहे, तरणा आहे, आणि त्याचं काम आपण घालवलं.

मला माहीत होतं की विदेशी म्हणजे मागाचा शेठ नव्हे. सोडलेली जागा तिथे कुणाला देत नाहीत, पुसून टाकतात. हे त्याला समजावून सांगायला तास लागला असता. आणि मी नुकताच निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण घेऊन, एकच गोष्ट चारदा ऐकून घरी आलो होतो. पुढ्यात पेपरांचा गठ्ठा होता, डोकं ठणकत होतं. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. मी लिहून दिलं. 'माझ्या जागी माझा मेहुणा सुपडू यास घ्यावे' ही ओळही शेवटी, चांगल्या अक्षरात. त्याने सही केली आणि माझ्या पायाला हात लावला.

राजीनामा तिसऱ्याच दिवशी मंजूर झाला. लीलाला त्याने सांगितलं नाही, सुपडूला आत घेतलं की सांगू म्हणाला. मतं पडली, उमेदवार निवडून आले, गल्लीत गुलाल उडाला. एक तारखेला हिलालने सुपडूला आपला निळा शर्ट घातला आणि दोघं सचिनला गेले.

फाटकावर एक अधिकारी बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. त्याने कागद दाखवला, वरची ओळ मंजूर आहे म्हणाला, खालच्या ओळीचं आमच्याकडे काही नसतं. तिथून दोघं उमेदवाराच्या कचेरीत गेले. साहेब गांधीनगरला. पुढच्या आठवड्यातही गांधीनगरला. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने विचारलं, "कई कंपनी?" कुठली कंपनी.

त्या संध्याकाळी लीलाला सगळं कळलं. ती तडक माझ्या दारात आली. तिच्यामागे हिलाल, त्याच्यामागे सुपडू, अजून त्या निळ्या शर्टात.

"गुरुजी, तुम्ही तं शिकेल शेतस ना? असा कागद काबर लिखी दिधा? आते दोन्ही घरं कोठे जातीन?"

मी चष्मा काढला आणि पुसत राहिलो. तेवढ्यात हिलाल पुढे आला. इतक्या वर्षांनी तो पुन्हा मोठ्याने बोलला, गल्लीला ऐकू जाईल असं.

"गुरुजीसले काबर बोलस? गुरुजीसनी माले नको सांगेल व्हतं. मीच ऐकं नही."

मी तसं काही सांगितलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

लीलाने डोक्यावरचा पदर सारखा केला. खाली बघत म्हणाली, "मनं चुकनं, गुरुजी. राग मानू नका."

मी म्हणालो, "असू दे."